अडीअडचणीची पिशवी : पर्समध्ये काय, डिकीत काय?

नऊ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. पुण्याहून मुंबईला निघालो होतो. मी गाडी चालवत होते, शेजारी आई. घाटात पुढे कुठेतरी कंटेनर उलटला होता, त्यामुळे खंडाळ्याच्या अलीकडेच गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. आईला घाटात गाडी लागते, म्हणून ती दुपारी जेवली नव्हती. मधुमेहाची गोळी मात्र तिने नेमाने घेतली होती. तासाभराने तिला दरदरून घाम फुटला. मी म्हटलं, उकाडा आहे. मग हात थरथरू लागले आणि ती माझ्याशी माझ्या मावशीचं नाव घेऊन बोलू लागली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हिची साखर उतरली आहे.

डिकीतली प्रथमोपचाराची पेटी काढली. गाडी घेतल्यापासून ती उघडलीच नव्हती. मलमाची नळी फुगून फुटली होती, चिकटपट्ट्यांचा डिंक वितळून त्या एकमेकींना चिकटल्या होत्या, कात्रीला गंज. खाण्याजोगं म्हणावं तर नातवंडांसाठी घेतलेली चिक्की. आईची कवळी, तिला चावता येईना. शेवटी शेजारच्या एस.टी.तल्या एक बाई खिडकीतून हे सगळं बघत होत्या, त्या खाली उतरल्या आणि पर्समधून ग्लुकोज पावडरची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. पाण्यात कालवून घोट घोट पाजलं. पंधरा-वीस मिनिटांनी आईने विचारलं, "कुठवर आलो गं?"

त्या बाईंचं नावही विचारायचं राहिलं. पण त्यांच्या पर्समध्ये जे होतं ते माझ्या एवढ्या मोठ्या गाडीत का नव्हतं, हा प्रश्न काही सुटेना. मी डॉक्टर नाही आणि आपत्ती व्यवस्थापनाची पदवीही माझ्याकडे नाही. मिळेल ते वाचत, औषधाच्या दुकानांत, गॅरेजांत आणि ट्रेकिंग करणाऱ्या मंडळींत विचारत, ओळखीच्या बायकांच्या पर्सा (त्यांच्या परवानगीने!) उपड्या करत जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

'तयार पेटी' ही कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेत १८८८ साली जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीने विक्रीसाठी पहिली प्रथमोपचार पेटी काढली, ती रेल्वेच्या कामगारांसाठी. रूळ टाकताना, डबे जोडताना हातपाय चिरडत आणि इस्पितळ कोसों दूर. कंपनीचे संस्थापक रॉबर्ट वुड जॉन्सन यांना रेल्वेच्या एका शल्यविशारदाशी बोलताना ही गरज उमगली असे सांगतात. यातला लक्षात घेण्याचा भाग असा की पेटी भरण्याआधी कोणाला, कुठे, कसली इजा होते हे ठाऊक होते. आपल्या गाडीतली पेटी त्याच वंशातली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १३८ सांगतो की नव्या गाडीबरोबर उत्पादकाने प्रथमोपचार साहित्य द्यावे. हे साहित्य मुख्यतः जखमेच्या पट्ट्या आणि जंतुनाशक मलम अशा स्वरूपाचे असते. अपघातातल्या जखमेसाठी ते योग्यच. पण उपाशीपोटी गोळी घेतलेल्या माझ्या आईला त्याचा काय उपयोग होता?

आपल्याकडे दुसरी परंपरा आहे ती बटव्याची. आजीबाईच्या बटव्यावर आपण इतकं भावुक लिहितो की त्याची रचना बघायची राहून जाते. त्यात सुंठ, ओवा, वेखंड, जायफळ असे, कारण घरात लहान मूल असे आणि त्याचं पोट दुखत असे. बटवा अंगावर असे, रोज उघडला जाई, संपलेलं लगेच कळे. बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन याच जातीची. पिनेचं पेटंट १८४९ साली न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट यांनी घेतलं, पण ती बांगडीत आणि मंगळसूत्रात अडकवून चोवीस तास जवळ बाळगण्याची युक्ती आपल्या बायकांची. तुटलेला पट्टा, उसवलेली शिवण, सुटलेली नाडी, हाताच्या झोळीची गाठ, इतकी कामं करणारी दुसरी वस्तू मला तरी माहीत नाही.

या दोन परंपरा शेजारी ठेवल्यावर मला एक साधा नियम सापडला. माणसाला लागणारं ते माणसाच्या अंगावर, म्हणजे पर्समध्ये किंवा खांद्यावरच्या पिशवीत. रस्त्याला लागणारं ते गाडीत. आपण नेमकं उलटं करतो. औषधं डिकीत टाकतो, आणि काच फोडायची हातोडी घेतलीच तर तीही डिकीत!

औषधं गाडीत ठेवू नयेत याचं कारण ऊन. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००५ साली उन्हात उभ्या गाड्यांचं तापमान मोजलं. तासाभरात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा सरासरी २२ अंश सेल्सिअसने चढलं, आणि त्यातली ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. आता हे गणित विदर्भातल्या किंवा आमच्या पुण्यातल्याच मे महिन्याला लावा. बाहेर चाळीस, तर आत साठच्या घरात. बहुतेक गोळ्यांच्या पाकिटावर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. इन्सुलिन तर त्याहून नाजूक. दम्याचा पंप हा दाबाखाली भरलेला डबा, तो तापता कामा नये. पॉवर बँकेतली लिथियमची बॅटरी, लायटर, अत्तराचे फवारे यांनाही गाडीत मुक्काम नको. माझ्या पेटीतलं मलम का फुगलं होतं याचं उत्तर मला असं मिळालं.

म्हणून पर्सचा विचार आधी. प्रत्येकाची यादी वेगळी, कारण प्रत्येकाचा आजार वेगळा. रोजच्या औषधांचा एक-दोन दिवसांचा साठा त्यांच्या मूळ पट्टीतच ठेवावा. सुट्या गोळ्या डबीत घातल्या की नाव आणि मुदत दोन्ही हरवतात. मधुमेही माणूस बरोबर असेल तर ग्लुकोज हवंच. साखर उतरली आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, फरक नसेल तर पुन्हा द्यायची. चिक्की, पेढा, चॉकलेट यांत तेल-तूप असल्याने साखर रक्तात उशिरा उतरते. तेव्हा आईची कवळी नसती तरी माझी चिक्की कुचकामीच ठरली असती. बरं वाटल्यावर थोडं खायला द्यायचं आणि डॉक्टरांना कळवायचं, कारण ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांमुळे साखर पुन्हा उतरू शकते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

ओ.आर.एस.ची पुडी उन्हाळ्यात जवळ असावी. हे मिश्रण माणसं वाचवतं याचा मोठा पुरावा १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्या कामातून मिळाला. पण पुडीबरोबर पाण्याचं मापही लक्षात ठेवावं. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती पेलाभर पाण्यात कालवून लहान मुलाला पाजणं धोक्याचं. एक लिटरची बाटली जवळ असली की मापाचा प्रश्न मिटतो.

एका सवयीबद्दल मात्र स्पष्ट लिहिलं पाहिजे. बरेच ज्येष्ठ खिशात सॉर्बिट्रेट ठेवतात आणि छातीत दुखणाऱ्या कोणाच्याही जिभेखाली ती देतात. या गोळीने रक्तदाब झपकन उतरतो. आधीच दाब कमी असेल किंवा काही विशिष्ट औषधं चालू असतील तर जीवावर बेतू शकतं. ती ज्याला डॉक्टरांनी दिली आहे त्याचीच.

पर्समधली सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा जाड कागद. त्यावर नाव, वय, आजार, चालू औषधं व त्यांचं प्रमाण, कशाची अॅलर्जी, आणि दोन माणसांचे फोन नंबर. लोक रक्तगटाला फार महत्त्व देतात, पण इस्पितळ रक्त चढवण्याआधी गट स्वतः तपासतंच. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे मात्र त्यांना तुमच्याखेरीज कोण सांगणार? ब्रिटनमधले रुग्णवाहिका कर्मचारी बॉब ब्रॉची यांनी २००५ साली सुचवलं की मोबाईलमध्ये जवळच्या माणसाचा नंबर 'आयसीई' या नावाने ठेवावा. त्याच वर्षी ७ जुलैला लंडनमध्ये स्फोट झाले आणि ही सूचना जगभर पोचली. आज फोनच्या कुलूपबंद पडद्यावरही ही माहिती दिसण्याची सोय असते, ती भरून ठेवावी. तरीही कागद हवाच, कारण फोन फुटतो, भिजतो आणि त्याची बॅटरी नको त्या वेळी संपते.

त्याच जुलैच्या २६ तारखेला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मोबाईल बंद पडले, लोकल थांबल्या, लाखो माणसं छातीभर पाण्यातून चालत घरी गेली. तेव्हा निदान सगळ्यांकडे रोख पैसे होते. आज माझ्या भाचीच्या पर्समध्ये सगळं आहे, नोटा नाहीत. नेटवर्क गेलं की क्यूआर कोडचा फलक नुसता फलक उरतो. पाचशेची एक नोट पुरत नाही, कारण चहावाल्याकडे सुटे नसतात. दहा, वीस, पन्नास आणि शंभरच्या मिळून पाचेकशे रुपये प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्या कागदाबरोबर. शिवाय सॅनिटरी पॅड (पाळी गेलेल्या बायकांनीही ठेवावं, रक्त थांबवण्यासाठी दाबायला ते चांगलं), जुना चष्मा आणि एक शिट्टी. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना शिट्टीचं मोल ठाऊक असतं. ओरडून घसा बसतो, शिट्टीला फक्त श्वास लागतो.

त्या दिवशी काही माणसं बंद गाड्यांतच गुदमरून गेली. पाणी शिरल्यावर दारं उघडेनात, काचा उतरेनात. तेव्हापासून काच फोडण्याच्या हातोड्या विकल्या जाऊ लागल्या. ती हातोडी चालकाच्या हाताला, पट्टा लावलेला असतानाही लागली पाहिजे. समोरची काच दोन थरांमध्ये पापुद्रा घातलेली असते, ती तडकते पण फुटून पडत नाही. बाजूच्या काचा बहुधा कडक केलेल्या असतात, त्यांच्या कोपऱ्यावर घाव घालायचा. काही नव्या गाड्यांत बाजूलाही पापुद्र्याची काच असते, तेव्हा काचेच्या कोपऱ्यातला छाप आजच वाचून ठेवा. आणि खरं तर पहिलं मिनिट हातोडीचं नाहीच. पाणी चढू लागताच पट्टा सोडायचा, काच खाली करायची आणि खिडकीतून बाहेर पडायचं. विजेवर चालणाऱ्या काचा सुरुवातीला थोडा वेळ चालतात.

डिकीत काय असावं हे गॅरेजवाले जास्त चांगलं सांगतील. मी दोनच गोष्टींकडे लक्ष वेधते. एक म्हणजे स्टेपनी. २०२० सालच्या नियमबदलानंतर, ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचं किट आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर ठरावीक लहान गाड्यांना स्टेपनी देण्याची सक्ती नाही. तुमच्या गाडीत ती आहे का, हे घाटात कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. दुसरी, लाल त्रिकोण. तो असतो, पण लोक तो गाडीला टेकवून ठेवतात. वेगवान रस्त्यावर तो निदान शंभर पावलं मागे हवा, आणि माणसांनी गाडीत न बसता कठड्यापलीकडे उभं राहायचं. चमकणारं जाकीट, दोर, जंपर केबल, टॉर्च आणि एक मोठा पंचा ठेवला की माझ्या मते झालं. पंचा तिरका दुमडला की झोळी होते, घडी केली की जखमेवर दाबता येतो. कापूस मात्र उघड्या जखमेवर थेट ठेवू नये, धागे चिकटतात; आधी गॉज.

एवढं सामान असूनही ते वापरलं जात नाही, याला आणखी एक कारण होतं. जखमीला हात लावला तर पोलिसांचं लचांड मागे लागेल ही भीती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर दावा वा फिर्याद होऊ शकत नाही, आणि नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. ११२ वर फोन करताना हे आठवावं. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हाही क्रमांक आहे.

आमच्याकडे दसऱ्याला गाडी धुऊन हार घालतात. त्याच दिवशी मी आता डिकी आणि पर्स चटईवर उपडी करते, आणि दुसऱ्यांदा पावसाळ्याच्या तोंडावर. या दसऱ्याला टॉर्चचे सेल गळून आत हिरवट पूड जमलेली निघाली. आता सेल वेगळ्या पुडीत ठेवले आहेत. आईच्या कागदावर जुन्या गोळीचं नाव होतं, डॉक्टरांनी ती श्रावणातच बदलली होती. कागद नव्याने लिहिला. ग्लुकोजच्या पुड्या दोन ठेवते, एक आमची आणि एक शेजारच्या गाडीतल्या कोणासाठी.