तरणतलावाचे न दिसणारे यंत्रघर

मुंबईच्या उपनगरांत अंधेरी येथील शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल व मुलुंड येथील प्रियदर्शिनी क्रीडासंकुल या ठिकाणी सार्वजनिक तरणतलाव आहेत. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद व २ मीटर खोल अशा तलावात २५ लाख लिटर पाणी मावते. तानसा, भातसा यांसारख्या दूरच्या जलाशयांतून आणलेले पाणी रोज बदलणे परवडणारे नाही. म्हणून पंपाने ते वाळूच्या गाळणीतून फिरवून व क्लोरीनने निर्जंतुक करून पुन्हा वापरतात. पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ या मर्यादेत राखल्यास क्लोरीन प्रभावी ठरते.

नव्या पंपांची गती कमीजास्त करता येते. गती निम्मी केल्यास प्रवाह निम्मा होतो. मात्र विजेची गरज सुमारे एक-अष्टमांशावर येते. त्यामुळे पंप दुप्पट वेळ चालवूनही वीज सुमारे एक-चतुर्थांशच लागते.

परंतु सर्वांत मोलाची सुधारणा तलावाच्या तळाशी आहे. पाणी ओढून घेणारे तोंड एकच असेल आणि ते एखाद्या मुलाच्या अंगाने झाकले गेले, तर पंपाची सारी ओढ त्या मुलावर येते व त्याला वर येता येत नाही. यासाठी परस्परांपासून दूर अशी दोन तोंडे ठेवून त्यांवर फुगीर जाळी बसवितात. अमेरिकेने सार्वजनिक तलावांसाठी अशी सुरक्षित झाकणे २००७ च्या कायद्याने बंधनकारक केली.

तलाव बांधू इच्छिणाऱ्या नगरपालिकांनी व शाळांनी ही तरतूद आराखड्यातच करावी. जाळी सैल अथवा तुटलेली आढळताच पंप थांबवून तलाव बंद ठेवणे, हाच सुरक्षिततेचा पहिला नियम होय.