साडेअकराच्या खुर्चीची भाऊबंदकी

अमेरिकेत रात्री अकरा पस्तीसला टीव्हीवर सूटबूटातला एक गृहस्थ येतो, दिवसभराच्या बातम्यांवर कोट्या करतो, मग टेबलामागे बसून नटनट्यांशी गप्पा मारतो. काम एवढंच. पण त्या खुर्चीपायी जे रुसवेफुगवे झाले, ते आपल्या वतनाच्या तंट्यांनाही मागे टाकतील.

एनबीसी वाहिनीचा 'द टुनाइट शो' १९५४ पासूनचा. जॉनी कार्सननं तो तब्बल तीस वर्षं चालवला आणि मे १९९२ मध्ये निरोप घेतला. वारसदार दोन. रोज रात्री कार्सनच्या कार्यक्रमापाठोपाठ त्याच वाहिनीवर दहा वर्षं कार्यक्रम करणारा डेव्हिड लेटरमन, आणि कार्सनच्या रजेत खुर्ची सांभाळणारा जे लेनो. गादी लेनोला मिळाली. तरी लेटरमन हातचा जाऊ नये म्हणून अधिकाऱ्यांची फेरविचाराची खलबतं सुरू झाली. तेव्हा लेनो चक्क कचेरीतल्या एका कोठडीवजा खोलीत लपला, फोनवरची त्यांची बैठक चोरून ऐकली आणि पुढे अधिकाऱ्यांना त्यांचंच बोलणं ऐकवलं! लेटरमन १९९३ मध्ये सीबीएस या दुसऱ्या वाहिनीवर गेला. सुरुवातीला सरशी त्याचीच होती. वेश्येसोबत पकडला गेलेला नट ह्यू ग्रँट जुलै १९९५ मध्ये लेनोसमोर येऊन बसला आणि पारडं फिरलं.

खरी मेख मात्र २०१० मध्ये कळली. आदल्या वर्षी टुनाइट शो कोनन ओब्रायनला देऊन एनबीसीनं लेनोला रात्री दहाची वेळ दिली होती. तिथे तो आपटला. अमेरिकेत गावोगावची बहुतेक केंद्रं वाहिनीच्या मालकीची नसतात, ती फक्त तिच्याशी करारानं बांधलेली असतात. अकराच्या स्थानिक बातम्या ही त्यांची दुभती गाय. दहाला प्रेक्षक उठून गेला की बातम्याही पडतात. केंद्रांनी ओरड केली, तेव्हा वाहिनीनं लेनोला अकरा पस्तीसला आणून टुनाइट शो मध्यरात्रीपलीकडे ढकलायचा घाट घातला. कोनननं साफ नकार दिला आणि तो सुमारे साडेचार कोटी डॉलर घेऊन बाहेर पडला; त्यात सहकाऱ्यांचाही वाटा होता. लेनो परतला. म्हणजे विनोद कोणाचा सरस, यापेक्षा आधीच्या तासाला टीव्ही कोण चालू ठेवतं, यावर निकाल लागला.

आता तो तासच राहिला नाही. विनोदाचा तुकडा लोक सकाळी मोबाइलवर पाहतात आणि जाहिरातीचा पैसाही तिकडेच वळतो. लेटरमनचा सीबीएसवरचा 'लेट शो' पुढे स्टीफन कोलबेअरकडे आला. आपल्या वेळेत तो पहिल्या क्रमांकावर असतानाच, जुलै २०२५ मध्ये, सीबीएसनं तो मे २०२६ पासून बंद करण्याचं जाहीर केलं. कारण आर्थिक, असं वाहिनी म्हणते. ट्रम्प यांच्यावरची टीका भोवली, असं टीकाकार म्हणतात. कोलबेअरच्या जागी नवा सूत्रसंचालक येणार नाही, एवढं मात्र सीबीएसनं तेव्हाच सांगून टाकलं.