उपासना संपेपर्यंत थांबा, मग फोटो

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं प्लेन्स हे जेमतेम सहा-सातशे वस्तीचं गाव. भुईमुगाची शेतं, रेल्वेचा रूळ, एका ओळीत बसतील एवढी दुकानं. या गावच्या मॅरानाथा बॅप्टिस्ट चर्चसमोर रविवारी पहाटे, काही वेळा तर शनिवारी रात्रीपासूनच, परगावच्या मोटारी रांगेत उभ्या राहायच्या. सगळ्यांना बायबलच्या वर्गाला बसायचं असायचं. वर्ग घेणारे गुरुजी होते जिमी कार्टर, अमेरिकेचे एकोणचाळिसावे राष्ट्राध्यक्ष.

दार उघडण्याआधी सिक्रेट सर्व्हिसच्या सुरक्षारक्षकांचे कुत्रे आवार हुंगून जायचे, पिशव्या तपासल्या जायच्या. मंडळी बाकांवर स्थिरावली की चर्चमधल्या कुणीतरी जाणत्या बाई पुढे येऊन सगळ्यांची शाळा घ्यायच्या. ते आत आले की टाळ्या वाजवायच्या नाहीत. हस्तांदोलनाला हात पुढे करायचा नाही. सही मागायची नाही. फोटो मिळेल, पण वर्गानंतरची पूर्ण उपासना संपेपर्यंत थांबणाऱ्यालाच. फोटोच्या रांगेत गप्पा नकोत. तुमचा फोन आमच्यापैकी कुणी घेईल, तुम्ही शेजारी उभं राहायचं आणि पुढे सरकायचं. एवढा दम भरून झाल्यावर बाजूच्या दारातून कार्टर आत यायचे, आणि पहिला प्रश्न विचारायचे: कुठून कुठून आलात?

मला हा फोटोचा नियम फार मोलाचा वाटतो. माणूस बघायला आलेल्याला त्यांनी कधी हाकलून दिलं नाही, पण नुसतं बघून परतही जाऊ दिलं नाही. निवृत्तीनंतरच्या चार दशकांत त्यांच्या अनेक जाहीर कार्यक्रमांना हीच अट असायची: या, पण कामाला बसा.

त्या चर्चची आणखी एक गोष्ट गावकरी आवडीने सांगत. आवारातलं गवत स्वतः कार्टर कापत आणि त्यांच्या पत्नी रोझलिनबाई स्वच्छतागृहं साफ करत. वेदीजवळचा क्रूस आणि दानपात्रं कार्टरांनीच लाकडातून घडवलेली. ही सुतारकी तरुणपणीच अंगात होती, पण तिला पुरता वेळ मिळाला तो निवडणूक हरल्यावर. १९८० साली रोनाल्ड रेगननी त्यांचा दणदणीत पराभव केला. जानेवारी १९८१ मध्ये छप्पन्न वर्षांचे कार्टर गावी परतले तेव्हा घरचा भुईमुगाचा धंदा कर्जात बुडालेला होता. निरोपाची भेट म्हणून व्हाइट हाउसमधल्या सहकाऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना सुतारकामाची हत्यारं घेऊन दिली होती. त्या हत्यारांवर त्यांनी पुढे खुर्च्या, कपाटं, पलंग केले. त्यातल्या कित्येक वस्तू लिलावात मोठ्या रकमेला गेल्या आणि तो सगळा पैसा त्यांनीच स्थापलेल्या कार्टर सेंटर या संस्थेला मिळाला. राहायला मात्र ते त्याच घरी गेले, जे त्यांनी राजकारणात पडण्याआधी, १९६१ साली बांधलं होतं. कंपन्यांच्या संचालक मंडळांवर बसून किंवा भाषणांचे दर लावून पैसा करणं त्यांनी टाळलं. सरकारी तिजोरीवर सगळ्यांत कमी भार टाकणारे माजी राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांचं नाव घेतलं जाई.

प्रवास नेहमीच्या विमानातून. सगळे प्रवासी बसले की कार्टर उठायचे आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत एकेकाचा हात हातात घ्यायचे. २०१७ साली कुणा प्रवाशाने त्याचं चित्रण केलं आणि ते जगभर फिरलं. लोकांना नवल वाटलं. नेहमी बरोबर असणाऱ्यांच्या दृष्टीने तो रिवाजच होता.

पण कार्टरांचं खरं जाहीर रूप बघायचं तर ते बांधकामावर. हॅबिटॅट फॉर ह्यूमॅनिटी ही गरिबांना घरं बांधून देणारी संस्था प्लेन्सपासून जवळच्याच अमेरिकस गावातली. १९८४ च्या सप्टेंबरात या संस्थेच्या स्वयंसेवकांबरोबर कार्टर नवराबायको बसने न्यूयॉर्कला गेले. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमधली एक पडकी, जळकी इमारत दुरुस्त करायची होती. मुक्काम एका चर्चमध्ये, झोपायला एकावर एक रचलेल्या खाटा. माजी राष्ट्राध्यक्ष हातोडा घेऊन राबताहेत म्हटल्यावर छायाचित्रकारांची झुंबड उडाली आणि तोवर फारसं कुणाला ठाऊक नसलेलं संस्थेचं नाव देशभर झालं. पुढे पस्तीस वर्षांहून अधिक काळ दर वर्षी एक आठवडा हा उपक्रम चालला. चौदा देशांत चार हजारांवर घरं उभी राहिली.

साइटवर कार्टर कडक असत. सकाळी वेळेवर हजर, आणि दुसऱ्यांनीही तसंच हजर राहावं ही अपेक्षा. प्रत्येक घरावर राबणाऱ्या गटाबरोबर ते एक फोटो काढून घेत; बाकी वेळ काम. २०१७ च्या जुलैमध्ये कॅनडातल्या विनिपेगला उन्हात काम करताना अंगातलं पाणी कमी होऊन ते कोसळले, रुग्णालयात न्यावं लागलं. वय ब्याण्णव. दुसऱ्या दिवशी सकाळी ते साइटवर परत. ऑक्टोबर २०१९ मध्ये पंचाण्णवावा वाढदिवस होऊन आठवडा झाला नव्हता, तोच घरात पडले, भुवईवर चौदा टाके पडले. त्याच संध्याकाळी ते हॅबिटॅटच्या कामासाठी नॅशव्हिलच्या सभेत होते आणि दुसऱ्या दिवशी काळानिळा डोळा घेऊन लाकडावर काम करत होते. हे हट्टाचं होतं, आणि घरच्यांना ते सोसणं सोपं गेलं नसणार. तरी ज्यांचं घर त्या आठवड्यात उभं राहत होतं त्यांनी हा माणूस येतो म्हणजे येतोच, एवढं पाहिलं.

आजारपणही त्यांनी झाकून ठेवलं नाही. २० ऑगस्ट २०१५ ला पत्रकारांसमोर बसून त्यांनी शांतपणे सांगितलं की कर्करोग मेंदूपर्यंत पोचला आहे. त्यानंतरच्या रविवारी वर्ग होताच. गर्दी इतकी झाली की चर्चमधला धडा संपवून ते गावच्या जुन्या शाळेत गेले आणि उरलेल्यांसाठी तोच धडा पुन्हा घेतला. डिसेंबरात तपासणीत मेंदूत कर्करोग दिसला नाही, ही बातमीही पहिल्यांदा त्या रविवारच्या वर्गालाच कळली. नंतर ती वृत्तवाहिन्यांपर्यंत गेली. शेवटचा वर्ग त्यांनी ३ नोव्हेंबर २०१९ ला घेतला.

घरगुती म्हणावा असा एक मोठा सोहळाही झाला: जुलै २०२१ मध्ये, लग्नाला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा. जागा कुठली, तर ज्या शाळेत दोघं शिकली तीच. क्लिंटन पतीपत्नी आली, गायक गार्थ ब्रूक्स आला, पण तिथे आधी गावकरी होते. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये रोझलिनबाई गेल्या. नऊ महिने घरीच हॉस्पिसची, म्हणजे अखेरच्या काळातली, शुश्रूषा घेत असलेले कार्टर त्यांच्या स्मृतिप्रार्थनेला अटलांटापर्यंत आले. पायांवर पांघरलेल्या चादरीवर बाईंचा चेहरा होता. मुलीने, एमीने, वडिलांनी नौदलात असताना आईला लिहिलेलं पत्र तिथे वाचून दाखवलं.

वाढदिवस साजरा करण्याची धावपळ मात्र दुसऱ्यांची. नव्याण्णवाव्या वाढदिवसाच्या वेळी वॉशिंग्टनमध्ये खर्चाचं विधेयक अडकलं होतं आणि १ ऑक्टोबरला सरकारी कचेऱ्या बंद पडण्याची चिन्हं होती. अटलांटाचं कार्टर ग्रंथालय सरकारी, म्हणजे तेही बंद. आयोजकांनी कार्यक्रम एक दिवस अलीकडे ओढला आणि प्रवेशाची किंमत ठेवली नव्याण्णव सेंट. शंभरीसाठी १७ सप्टेंबर २०२४ ला अटलांटाच्या फॉक्स थिएटरमध्ये मैफल झाली, ती ध्वनिचित्रमुद्रित करून वाढदिवसाच्या रात्री दाखवली, म्हणजे कार्टरांना घरी बघता यावी. घरच्या मंडळींनी सांगितलं होतं की शंभरीपेक्षा त्यांचं लक्ष राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानाकडे आहे. वाढदिवसानंतर पंधरवड्याने त्यांनी टपालाने मत दिलं.

आपल्याकडचा किस्सा मुद्दाम शेवटी ठेवला आहे. कार्टरांच्या आई लिलियन वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या उपक्रमाच्या स्वयंसेविका म्हणून मुंबईत आल्या आणि १९६६ ते १९६८ या काळात विक्रोळीत राहिल्या. पेशाने परिचारिका, तिथल्या दवाखान्यात त्यांनी कुष्ठरुग्णांचीही सेवा केली. मुलाच्या राष्ट्राध्यक्षपदाला तेव्हा अजून दशकभराचा अवकाश होता. २००६ च्या ऑक्टोबरअखेर ब्याऐंशी वर्षांचे कार्टर लोणावळ्याजवळ, मळवलीच्या पाटण गावात घरं बांधायला आले. देशोदेशींचे सुमारे दोन हजार स्वयंसेवक जमले आणि आठवडाभरात शंभर घरांचं काम झालं. पुण्यात चित्रीकरणासाठी आलेला ब्रॅड पिटही हातभार लावायला पोचला, त्यामुळे कॅमेरे त्याच्या मागे धावले. कार्टर विटा रचत राहिले.

२९ डिसेंबर २०२४ ला प्लेन्सच्या त्या जुन्या घरातच त्यांचा शेवट झाला. आपल्याकडे मात्र त्यांची आठवण सांगणारं गाव आहे. विसापूर-लोहगडला निघालेले कितीतरी ट्रेकर दर रविवारी मळवली स्टेशनवर उतरतात आणि पाटणवरून वर चढतात. त्यांनी परतताना जरा थांबावं, गावातल्या माणसांशी बोलावं, २००६ च्या त्या आठवड्यात कुणी कुणाबरोबर काम केलं ते विचारावं. त्या वेळी राबलेली मंडळी अजून तिथे आहेत तोवर हे किस्से टिपून ठेवायला हवेत.