हाडांत उरलेले औषध

चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी बहाळ हे गाव आहे. तेथे आणि नदीपलीकडील टेकवाडे येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या म. न. देशपांडे यांनी १९५६-५७ मध्ये उत्खनन केले. टेकवाड्याला ताम्रपाषाणयुगातील दफने मिळाली. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या या माणसांनाही ताप येत असेल, दाढ ठणकत असेल. तेव्हा ती कोणते औषध घेत असतील? लेखी पुरावा नाही. अशा वेळी हाडे काही सांगू शकतात का?

घेतलेले औषध शरीर बहुतांशी बाहेर टाकते; पण थोडा अंश हाडांत, दातांत, केसांत अडकतो. टेट्रासायक्लीनचे उदाहरण घ्या. त्याचा रेणू कॅल्शियमला घट्ट धरतो. त्यामुळे जेथे नवे हाड किंवा दात घडत असेल, तेथे ते जमते. लहान मुलांना हे औषध सहसा देत नाहीत, कारण त्यांचे दात कायमचे पिवळट होतात. अशा हाडाच्या पातळ चकतीवर अतिनील किरण टाकले, की पिवळसर हिरवी चमक दिसते.

नेमकी हीच चमक सुदानमधील न्यूबियाच्या, इसवी सन ३५० ते ५५० च्या सुमारास जगलेल्या लोकांच्या हाडांत आढळली. हे संशोधन १९८० साली प्रसिद्ध झाले. या गटातले पहिले प्रतिजैविक तर यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखालील प्रयोगशाळेतून १९४८ साली जगापुढे आले! मग दीड हजार वर्षांपूर्वी ते कोठून आले?

मेल्यानंतर मातीतल्या जीवाणूंनी ते हाडात सोडले असेल, अशी शंका रास्तच होती. पण चमक हाडाच्या वाढीच्या थरांनुसार होती. म्हणजे हाड जिवंतपणी घडत असतानाच ते आत गेले. २०१० मध्ये हाडे विरघळवून वस्तुमान वर्णपटमापीने तपासली, तेव्हा टेट्रासायक्लीनच मिळाले. ते बहुधा स्ट्रेप्टोमायसीस जीवाणू वाढलेल्या धान्याच्या आंबवलेल्या पेयातून पोटात जात असावे.

मात्र पदार्थ सापडला, एवढ्यावरून तो औषध म्हणून घेतला हे सिद्ध होत नाही. इटलीतील मिलान येथे एका रुग्णालयाच्या तळघरात सतराव्या शतकातील माणसे पुरलेली आहेत. त्यांपैकी काहींच्या मांडीच्या हाडांत गांजाचे अंश मिळाल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णालयाच्या औषधांच्या यादीत गांजा नव्हता! म्हणजे तो नशेसाठीही घेतला असेल. रसायनशास्त्र ‘काय’ ते सांगते. ‘कशासाठी’ हे ठरवायला इतर पुरावा लागतो.

आपल्याकडे जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढरी म्हणतात, आणि तिची माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात नेतात. तिच्याबरोबर हाडेही जातात. सहलीत मुलांना असे हाड वा दात दिसला, तर तो उचलू नये, धुऊ तर मुळीच नये. दातावरचे कीटण आणि भोवतालची माती हाच पुरावा असतो. मातीतला पदार्थ हाडात शिरला नाही ना, हे त्या मातीशी ताडूनच कळते. जागा टिपून घ्यावी आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे. घासून लख्ख केलेला दात कपाटात शोभेल, पण बोलणार नाही.