घाम कुठे गाळायचा?

हेलसिंकी, १९५२ चं ऑलिंपिक. युगोस्लाव्हिया १०, भारत १. आपले बरेचसे खेळाडू त्या थंडीत अनवाणी उतरले होते. गंमत म्हणजे वर्षभरापूर्वीच याच भारतानं दिल्लीत इराणला १-० असं हरवून पहिल्या आशियाई खेळांचं सुवर्ण घेतलं होतं, आणि दोन्ही वेळी कोच एकच होते, हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पोरं वर्षभरात आळशी झाली म्हणावं, तर तसंही नव्हतं.

आपल्याकडे संघ हरला की दोनच निदानं तयार असतात. पोरांनी जीव लावला नाही, नाहीतर कोचला काढा. जिंकला की मात्र जिद्द, रक्त, माती असले शब्द भराभर बाहेर पडतात. भारतीय फुटबॉलचा सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा हिशोब मांडायला बसलं, की जाणवतं ते वेगळंच. मेहनतीचा तुटवडा आपल्याला क्वचितच होता. तुटवडा होता तो ती मेहनत कुठे लावायची हे सांगणाऱ्या माणसांचा, आणि अशी माणसं सापडल्यावर त्यांना पुरेसा वेळ देण्याचा.

रहीमसाहेब पेशानं शाळामास्तर. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. हैदराबाद सिटी पोलीस हा त्यांच्या हाताखालचा संघ मुंबईच्या कूपरेजवर यायचा आणि रोव्हर्स कप घेऊन जायचा. १९५० ते ५४ अशी सलग पाच वर्षं. त्या काळात वाहवा मिळायची ती ड्रिबलिंगला. चार जणांना चकवून पाचव्याकडे चेंडू घालवला तरी टाळ्या ठरलेल्या. रहीम यांनी याच सवयीवर बोट ठेवलं. ड्रिबलिंगला मनाई असलेल्या स्पर्धा त्यांनी भरवल्या. चेंडू आला की एका स्पर्शात पुढे द्यायचा. दुसरी स्पर्धा त्याहून छळवादी, त्यात चेंडूला फक्त कमजोर पाय लावायचा. उजव्या पायाचा गडी डाव्यानं खेळायला लागला की आधी फजितीच होते. चेंडू नडगीला लागतो, पास भलतीकडे जातो, बाहेरचे हसतात. पण कमजोर पाय कामाला लागला की बचावपटूला तुम्ही कोणत्या बाजूनं निघणार हे ओळखता येत नाही, आणि चेंडू पायात घोळवून सोयीच्या पायावर घेण्यात जाणारा तो अर्धा सेकंद वाचतो. फुटबॉलमध्ये अर्धा सेकंद म्हणजे मोकळं मैदान.

हेलसिंकीनंतर भारतीय फुटबॉल महासंघानं बूट सक्तीचे केले. तिथलं सुवर्ण हंगेरीनं नेलं होतं. सेंटर फॉरवर्डला थोडं मागे ओढून समोरच्या बचावाचा गोंधळ उडवायची त्यांची चाल रहीम यांनी आपल्या संघात रुजवली. चार वर्षांनी मेलबर्नमध्ये भारतानं यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. त्यातले तीन गोल मुंबईच्या कॅलटेक्सकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाचे. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यातही पहिला गोल त्याचाच होता, पण पुढे युगोस्लाव्हियानं चार घातले. भारत चौथा आला. दहाच्या जागी चार गोल, तेही आधी आघाडी घेतल्यावर. माझ्या लेखी ऑस्ट्रेलियावरच्या विजयापेक्षा ही प्रगती मोठी होती.

१९६२ चं जकार्ता मात्र सावकाश बघण्यासारखं आहे. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियानं दोन गोलांनी हरवलं. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेलसिंगचं डोकं फुटलं आणि टाके पडले. गोली थंगराज तापानं आजारी. त्यात इस्राएल आणि तैवानला खेळांबाहेर ठेवल्याबद्दल भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर आक्षेप घेतल्यानं सगळं जकार्ता भारतावर खवळलेलं. अशा वेळी रहीम यांनी टाके पडलेल्या जर्नेलला बचावातून उचललं आणि सेंटर फॉरवर्डला उभं केलं. आशियातल्या सर्वोत्तम बचावपटूंपैकी एकाला भलत्या जागी खेळवणं हा जुगारच वाटेल. पण हिशोब सरळ होता. डोक्याला जखम असलेला गडी मागे ठेवला तर आक्रमकांशी दर वेळी टक्कर त्यालाच घ्यावी लागणार. पुढे ठेवला तर त्याची ताकद आणि उडी दुसऱ्याच्या बचावाला त्रास देणार. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर ३-२ असा विजय मिळाला. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरिया, आणि सेनायन स्टेडियमवर लाखभर लोक भारताची हुर्यो उडवताहेत. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीनं गोल केला, विसाव्या मिनिटाला जर्नेलसिंगनं. तापातून उठलेला थंगराज गोलात उभा होता. मधल्या फळीत मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळणारा गोव्याचा फोर्तुनातो फ्रँको. कोरियाचा एकमेव गोल शेवटी शेवटी झाला आणि भारतानं २-१ अशी बाजी मारली. त्या गर्दीत भारताला पाठिंबा दिला तो पाकिस्तानच्या हॉकी संघानं, असं आपले खेळाडू पुढे कित्येक वर्षं सांगत.

नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ ला, रहीम कर्करोगानं गेले. आशियाई खेळांत फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर भारताला मिळालेलं नाही. १९७० मध्ये कांस्य मिळालं, तेच शेवटचं पदक. रहीम यांच्यावर 'मैदान' हा सिनेमा २०२४ मध्ये आला. पडद्यावर जोशपूर्ण भाषणं शोभतात. डाव्या पायाचा सराव दाखवायला कुणाला दोन तास मिळणार!

मेहनतीला दिशा देणाऱ्या कोचची उदाहरणं क्लबांच्या पातळीवर नंतरही दिसली. गोव्याच्या डेम्पोनं २००५ ते २०१२ या काळात राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा घेतलं, पाचही वेळा कोच आर्मांदो कुलासो. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा हा गोव्याचा गाभा त्यांनी वर्षानुवर्षं हलू दिला नाही. रँटी मार्टिन्स आणि बेटोसारखे परदेशी खेळाडू त्या गाभ्याभोवती बसवले. याच कुलासोंना २०११ मध्ये राष्ट्रीय संघ दिला तो जेमतेम काही महिने.

खालिद जमील यांची गोष्ट आपल्या जास्त ओळखीची. मुंबई एफसीला कूपरेजवर त्यांनी वर्षानुवर्षं तगवून ठेवलं, मग तिथून निघून मिझोरमच्या ऐझॉलला गेले. हा क्लब आदल्या मोसमात खालच्या गटात घसरलेला आणि नंतर परत घेतलेला. जयेश राणे, आशुतोष मेहता अशी मुंबईच्या मैदानांवर ओळखीची पोरं त्यात होती. सोनी नोर्दे आणि जेजे ज्यांच्याकडे होते त्या मोहन बागानला या ऐझॉलनं घरच्या मैदानावर १-० असं हरवलं आणि २०१६-१७ ची आय-लीग अवघ्या एका गुणानं जिंकली. खालिद यांचा खेळ रटाळ असतो, अशी तक्रार होते. आधी बचाव आवळायचा, मग संधी साधायची. मला तो रटाळ वाटत नाही. हातात अकरा साधे गडी असताना प्रत्येकाला आपली जागा झोपेतही आठवेल इतकं घोटून घेणं, हीच तर कोचिंगची खरी कसोटी.

कोल्हापूरचा उल्लेख केल्याशिवाय हा आढावा पुरा होणार नाही. पाटाकडील, शिवाजी तरुण, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब अशा तालमींचे सामने शाहू स्टेडियमवर लागले की निम्मं शहर तिकडे लोटतं. ईर्ष्या आहे, दमसास आहे, परदेशी खेळाडू आणण्याइतका पैसाही उभा राहतो. तरी कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. पेठेच्या ईर्ष्येतला चौथा हिस्सा जरी बारा वर्षांच्या मुलांच्या रोजच्या सरावाकडे वळला, तर असे दहा अनिकेत घरीच तयार होतील.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारताचे कोच झाले. महिनाभरात मध्य आशियातल्या नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून संघ तिसरा आला, आणि आपण लगेच नवं पर्व वगैरे म्हणू लागलो. ऑक्टोबरमध्ये मडगावच्या फातोर्ड्यावर सिंगापूरनं २-१ असं हरवलं आणि २०२७ च्या आशिया चषकाची दारं बंद झाली. दोन्ही निकाल एकाच कोचचे, बहुतेक त्याच खेळाडूंचे. राष्ट्रीय कोचच्या हातात खेळाडू येतात ते वर्षातून थोडे दिवस. पंचविशीतल्या गड्याचा डावा पाय त्या दिवसांत तयार होत नाही. ते काम बाराव्या-तेराव्या वर्षी व्हावं लागतं, आणि ते शाळेच्या नाहीतर गल्लीच्या मैदानावरच्या सरांचं असतं.

म्हणून या दिवाळीत मुलाला किंवा मुलीला फुटबॉलच्या अकादमीत घालायचं मनात असेल, तर जर्सी आणि टर्फ बघून भुलू नका. कोचनं निदान डी लायसन्स केलंय का आणि एका कोचमागे किती मुलं आहेत, हे विचारा. मग तासभर कडेला उभं राहून आपलं मूल किती वेळा चेंडूला पाय लावतं ते मोजा. निम्मा तास रांगेत उभं राहण्यात जात असेल, तर फी भरू नका.