बाकाला नाव कुणी दिलं?

शोधनिबंधात निष्कर्ष छापतात, फजिती छापत नाहीत. डॉक्टरांनी आखलेलं काय फसलं, कुठल्या बाईनं त्यांना मध्येच थांबवलं, हे तक्त्यांखाली लिहिलेलं नसतं. मानसोपचारात तर बाईचं दुःख बहुतेक वेळा केसपेपरवरच जातं. ते कुणाचं शिक्षण ठरू शकतं, हे फारसं कुणाच्या मनात येत नाही. ज्यांच्या आलं, त्यांचे हे किस्से.

हरारेच्या आज्या

2005 साली झिम्बाब्वेच्या सरकारनं शहरांतल्या अनधिकृत वस्त्यांवर बुलडोझर फिरवले. मोहिमेचं नाव ‘मुरांबात्स्विना’, म्हणजे कचरा साफ करा. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार सुमारे 7 लाख लोकांचं घर तरी गेलं, नाहीतर पोटापाण्याचं साधन तरी. त्याच सुमारास डॉ. डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञाच्या एका तरुण रुग्णानं आत्महत्या केली. ‘तिला तपासायला का आणलं नाही?’ या प्रश्नाला तिच्या आईनं उत्तर दिलं, की बसभाड्याचे 15 डॉलर नव्हते.

चिबांडांना ते उत्तर झोंबलं. हरारेतल्या म्बारे या दाटीवाटीच्या भागात त्यांनी काम सुरू करायचं ठरवलं. दवाखान्यात खोली रिकामी नव्हती आणि नर्सेसना उसंत नव्हती. त्यांच्या वाट्याला आलं अंगण आणि 14 आज्या. या ‘अंबुया उतानो’, म्हणजे आरोग्याच्या आज्या, वस्तीत घरोघर फिरून आरोग्याची कामं करायच्या. एवढ्यावर काय होणार, अशी शंका आपल्याला तेव्हा आली होती, हे चिबांडांनी पुढे स्वतःच सांगितलं आहे.

डॉक्टरांनी अंगणात बाक ठेवला आणि त्याला नाव दिलं ‘मेंटल हेल्थ बेंच’. आज्यांनी ते नाव मोडीतच काढलं. असल्या नावाच्या बाकावर चारचौघांत बसणार कोण? त्यांनी सुचवलं ‘चिगारो चेकुपानामझानो’, म्हणजे एकमेकांचा सल्ला घ्यायचा बाक. जगानं तो पुढे ‘फ्रेंडशिप बेंच’ म्हणून ओळखला. ‘डिप्रेशन’ हा शब्दही आज्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवला. शोना भाषेत लोक म्हणतात ‘कुफुंगिसिसा’, फार विचार होतात. आपल्याकडे नाही का बायका सांगत, ‘डोक्यात नुसता भुंगा लागलाय’?

उपचाराच्या पायऱ्यांनाही शोना नावं मिळाली: आधी मन उघडायचं, मग उभारी द्यायची, मग बळ द्यायचं. अडचणींच्या गाठोड्यातून एकच निवडायची आणि तिच्यावर काय करता येईल ते दोघींनी मिळून ठरवायचं. ही पद्धत पाठ्यपुस्तकातली होती. पण भाडं थकलेल्या, नवरा गेलेल्या किंवा घरात एचआयव्ही असलेल्या बाईशी कुठून बोलायला लागायचं, हे आज्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. त्याच गल्लीत त्यांचंही आयुष्य गेलं होतं. 2016 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात 24 दवाखान्यांतल्या 573 रुग्णांवरची चाचणी छापून आली. सहा महिन्यांनंतर बाकावर बसलेल्यांपैकी सुमारे 14 टक्के लोकांत नैराश्याची लक्षणं उरली होती, नेहमीचे उपचार घेतलेल्यांत जवळजवळ 50 टक्के.

पॅट्सीचा प्रश्न

आता नेदरलँड्स. मास्ट्रिख्टचे प्राध्यापक मारियस रोम यांच्याकडे पॅट्सी हेग नावाची तरुणी यायची. तिला लहानपणापासून आवाज ऐकू येत. औषधांनी डोकं जड व्हायचं, पण आवाज काही जाईनात. ती जीव देण्याच्या गोष्टी करू लागली. एक दिवस तिनं डॉक्टरांनाच पेचात पकडलं. जो दिसत नाही, ऐकू येत नाही, त्या देवावर तुम्ही विश्वास ठेवता; मग मला खरोखर ऐकू येणाऱ्या आवाजांवर का ठेवत नाही?

रोम यांच्यापाशी उत्तर नव्हतं. पण त्यांनी तिची नोंद करून फाइल मिटली नाही. 1987 मध्ये दोघं टीव्हीवर गेले आणि ‘असे आवाज ऐकणाऱ्यांनी कळवा’ म्हणाले. सुमारे 700 जणांनी संपर्क साधला. त्यांतल्या साधारण 450 जणांना आवाज ऐकू येत होते, आणि त्यांपैकी कित्येकांचं त्या आवाजांसकट नीट चाललं होतं! ते कसं जमवतात, हे मानसोपचारानं कधी विचारलंच नव्हतं. त्याच वर्षी उट्रेख्टमध्ये त्यांचा मेळावा भरला. आवाज ऐकणाऱ्यांची जगभरची चळवळ तिथून उभी राहिली.

बाह्यांखालचे व्रण

तिसरा किस्सा अमेरिकेतला. स्वतःला इजा करून घेणाऱ्यांसाठी ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’ रचणाऱ्या मार्शा लिनेहान सिएटलला शिकवत. त्यांच्या हातांवरचे जुने व्रण पाहून एका रुग्ण स्त्रीनं विचारलं, ‘तुम्ही आमच्यातल्याच का?’ असाल तर आम्हाला केवढी आशा वाटेल, असंही ती म्हणाली.

मार्शाबाई होत्या त्यांच्यातल्याच. 1961 मध्ये, सतराव्या वर्षी, त्यांना हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात भरती केलं होतं. तिथं 26 महिने गेले, त्यातला बराच काळ एकांतकोठडीत. तिथं असतानाच त्यांनी स्वतःशी ठरवलं होतं, की या नरकातून निघायचं आणि मग इतरांनाही बाहेर काढायचं. थेरपी त्या ठरवण्यातून जन्मली, पण व्यवसायात टिकायचं तर तोंड बंद ठेवणं भाग होतं. 2011 मध्ये, त्याच रुग्णालयाच्या सभागृहात उभं राहून, त्यांनी हे जाहीरपणे सांगितलं. म्हणजे अनुभव इतकी वर्षं कामाला येत होता, फक्त त्याचं नाव घेता येत नव्हतं.

गोव्यातल्या सख्या

हरारेच्या बाकाचं एक टोक गोव्यात टेकतं. मुंबईत जन्मलेले डॉ. विक्रम पटेल नव्वदच्या दशकात हरारेत होते. तिथल्या लोकांच्या बोलण्यातून त्यांनी सहकाऱ्यांसह 14 प्रश्नांची शोना प्रश्नावली तयार केली. पुढे बाकावर येणाऱ्यांची पहिली चाचपणी तिच्यावरूनच होऊ लागली. 1996 मध्ये गोव्यात ‘संगाथ’ संस्था सुरू करणाऱ्यांत तेही होते.

गरोदरपणात नैराश्य आलेल्या बायकांसाठी गोव्यात एक चाचणी झाली. त्यात समुपदेशन करणाऱ्या बायकांना ‘सखी’ म्हणत. 280 जणींवरच्या त्या चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये छापून आले. फायदा हरारेइतका डोळ्यांत भरणारा नव्हता, पण बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी सख्यांकडच्या जास्त जणी बऱ्या झालेल्या होत्या.

मला त्या आकड्यांपेक्षा निवडीची अट महत्त्वाची वाटते. सखी व्हायला मानसशास्त्राची पदवी लागत नव्हती. ती त्याच भागातली असावी आणि स्वतः आई असावी. रात्रभर रडणारं मूल, न येणारी झोप, सासरचे टोमणे, हे सगळं एरवी केसपेपरवर लिहिलं गेलं असतं. इथं ते पात्रतेच्या रकान्यात होतं.