इंग्रजी शब्द शिकावा तो सोबत्यांसह

मराठी माध्यमातून शिकून कॉलेजात किंवा नोकरीत गेलेल्या मुलांची एक तक्रार सतत कानावर येते: "वाचलेलं समजतं, पण बोलायला तोंड उघडलं की शब्दच सापडत नाही." यावर ठरलेला सल्ला मिळतो, रोज डिक्शनरीतले दहा शब्द पाठ कर. वही भरत जाते, पण बोलताना तेच जुने पाच-पन्नास शब्द पुढे येतात. इतक्या कष्टांचं चीज व्हायचं, तर कोणते शब्द शिकायचे आणि कसे शिकायचे, हे आधी ठरवावं लागतं.

या दोन्ही प्रश्नांवर मोठं काम झालं ते ज्यांना इंग्रजी परकी होती अशा विद्यार्थ्यांमध्ये, ढाका आणि टोकियो इथे.

ढाक्याचा धडा: आधी नेहमीचे शब्द

मायकेल वेस्ट हे ब्रिटिश अमदानीत ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुलांच्या इंग्रजी पुस्तकांत ओळीओळीला नवे, तेही क्वचित वापरातले शब्द येत आणि मुलं अडखळत, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी अशा शब्दांच्या जागी नेहमीचे शब्द घातले आणि नवे शब्द बेताबेताने येतील अशी वाचनमाला तयार केली. १९३५ साली त्यांनी जे. जी. एंडिकॉट यांच्यासह परकीयांसाठी एक कोश काढला. त्यातल्या हजारो शब्दांचे आणि वाक्प्रचारांचे अर्थ फक्त १,४९० सोप्या शब्दांत समजावलेले होते. १९५३ साली त्यांची सुमारे २,००० शब्दांची 'जनरल सर्व्हिस लिस्ट' प्रसिद्ध झाली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातले दहापैकी साधारण आठ शब्द या यादीत सापडतात.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावी झालेल्या मुलाला या यादीतले बहुतेक शब्द ओळखीचे असतात. उच्च शिक्षण घेणाऱ्यांनी याला ॲव्हरिल कॉक्सहेड यांच्या २००० सालच्या 'ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट'ची जोड द्यावी. कोणत्याही विषयाच्या पाठ्यपुस्तकात भेटणारी ५७० शब्दकुळं, म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपं, तिच्यात आहेत.

टोकियोचा धडा: शब्दाची संगत

इंग्रजीच्या अध्यापनाचे अभ्यासक हॅरॉल्ड पामर १९२२ मध्ये जपानला गेले, तर इंग्रजीचे शिक्षक ए. एस. हॉर्नबी १९२४ मध्ये. जपानी विद्यार्थ्यांना शब्दाचा अर्थ ठाऊक असूनही वाक्य जमत नसे. म्हणून या दोघांनी कोणता शब्द कोणाबरोबर येतो, कोणत्या क्रियापदापुढे कशी रचना लागते, याचा बारकाईने अभ्यास केला. त्यातूनच हॉर्नबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कोश १९४२ साली टोकियोत निघाला. पुढे ऑक्सफर्डने तो हाती घेतला आणि आज जगभरचे विद्यार्थी वापरतात तो 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' त्यातूनच घडला.

संगतीचं महत्त्व आपल्या 'घेणे' या क्रियापदावरून चटकन कळतं. आपण काळजी घेतो, शपथ घेतो, निर्णय घेतो, सभा घेतो, शिक्षण घेतो. इंग्रजीत काळजी आणि शपथ यांच्याबरोबर 'टेक' चालतं. निर्णयाला मात्र बहुधा 'मेक' लागतं, सभेला 'होल्ड' आणि शिक्षणाला 'गेट'. आपण परीक्षा 'देतो', इंग्रजीत ती 'टेक' करतात. आपण एखाद्या विषयावर चर्चा करतो म्हणून 'डिस्कस'पुढे 'अबाउट' लावायचा मोह होतो, पण तिथे तो नको असतो. 'डिसिजन म्हणजे निर्णय' एवढंच वहीत उतरवलं तर यातलं काहीच हाती लागत नाही. 'मेक अ डिसिजन' असं जोडीने लिहिलं, तर बोलताना ती जोडीच ओठांवर येते.

हीच गोष्ट 'पुट', 'लुक', 'कॉल' यांसारख्या छोट्या क्रियापदांची. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं, 'पुट आउट' म्हणजे विझवणं, 'पुट अप विथ' म्हणजे सोसणं. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणं, 'लुक इन्टू' म्हणजे चौकशी करणं, 'लुक डाउन ऑन' म्हणजे तुच्छ लेखणं. 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणं. बोलीभाषेतलं इंग्रजी या जोड्यांवरच चालतं, म्हणून जड शब्दांच्या मागे लागण्याआधी त्या आत्मसात कराव्यात.

वाक्प्रचार: उगम कळला की लक्षात राहतो

इंग्रजांचं आयुष्य समुद्राशी आणि मैदानाशी जोडलेलं, त्यामुळे त्यांचे अनेक वाक्प्रचार तिथूनच आले. 'बाय अँड लार्ज' म्हणजे एकंदरीत. वारा समोरून असो वा मागून, दोन्ही परिस्थितींत जहाज कसं चालतं यावरून तो आला. 'टेकन अबॅक' म्हणजे चकित होणं. वारा अचानक उलटून शिडं मागे डोलकाठीवर दाबली जात, त्यावरून हा प्रयोग आला. 'ऑन अ स्टिकी विकेट' म्हणजे अडचणीत सापडलेला. पावसाने भिजून सुकू लागलेल्या खेळपट्टीवर फलंदाजाचे काय हाल होतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. अमेरिकेने बेसबॉलमधून 'बॉलपार्क फिगर', म्हणजे अंदाजे आकडा, ही भर घातली.

मात्र निवड करताना आजचा वापर पाहावा. मुसळधार पावसाला कुत्र्या-मांजरांशी जोडणारा वाक्प्रचार पाठ्यपुस्तकांत असतोच, पण आजच्या बोलण्यात तो कमी ऐकू येतो. त्याऐवजी 'इन द लाँग रन', 'कट कॉर्नर्स', 'रीड बिटवीन द लाइन्स', 'ऑन सेकंड थॉट्स' हे रोजच्या कामात उपयोगी पडतात.

टिकवायचं कसं

हरमान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं, की नव्याने पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांतच झपाट्याने विसरतं आणि अंतराअंतराने केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा फलदायी ठरते. १९७२ साली सेबास्टियन लाइटनर यांनी त्यावर सोपी युक्ती लोकांपुढे ठेवली. कप्पे असलेली एक पेटी आणि कार्डं घ्यायची. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात जातं आणि त्याची उजळणी लांबते. चुकलं की ते परत पहिल्या कप्प्यात येतं.

कार्डावर काय लिहायचं, तेही महत्त्वाचं. एका बाजूला मराठीत: 'उशिराची पूर्ण जबाबदारी माझी आहे.' दुसऱ्या बाजूला पूर्ण इंग्रजी वाक्य: 'आय टेक फुल रिस्पॉन्सिबिलिटी फॉर द डिले.' यात 'टेक', 'फुल' आणि 'फॉर' हे तिन्ही सोबती आपोआप पाठ होतात. वाक्य आपल्याच कामातलं, आपल्याच घरातलं असावं, म्हणजे ते वापरायची वेळ लवकर येते. उत्तर मोठ्याने म्हणावं आणि मगच कार्ड उलटावं.

रोज दहा सुट्या शब्दांऐवजी अशी तीन वाक्यं पुरेत. वर्षभरात ती हजारावर जातात, आणि मुलाखतीत, मीटिंगमध्ये किंवा ई-मेल लिहिताना शब्द जुळवत बसण्याची वेळ येत नाही. मराठी माध्यमाच्या मुलांकडे शब्दांची शिदोरी असतेच. तिला या जोड्यांची साथ मिळाली, की इंग्रजी बोलण्याची भीती निश्चित जाते.